भावकीचे गणित आणि सोमालियाचे राज्य

२३ मार्च २०२४ रोजी भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ या युद्धनौकेने ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. त्या दिवसांत एक वाक्य वारंवार कानी पडले: टोळीबाजी या लोकांच्या रक्तातच आहे, त्यामुळे तेथे राज्य उभे राहणे शक्य नाही. सोमालियातील कुळनिष्ठा प्रत्यक्षात कशी काम करते हे पाहिले, की हे विधान किती उथळ आहे ते लक्षात येते.

सोमाली मुलाला लहानपणीच स्वतःच्या नावापुढे वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे असे करत वीस-पंचवीस पिढ्यांचे पुरुष पूर्वज तोंडपाठ करायला शिकवतात. या मोजणीला ‘अबतिर्सी’ म्हणतात. दोन अनोळखी माणसे भेटली, की दोघांच्या यादीत सामाईक पूर्वज कोठे येतो हे पाहून त्यांचे नाते ठरते. १९५० च्या दशकात ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ आयोन लुईस यांनी उत्तरेतील उंटपाळ भटक्यांमध्ये राहून या रचनेचा सविस्तर अभ्यास केला.

तिचे गणित मला विलक्षण सुंदर वाटते. समजा, एका मूळपुरुषाला दोन मुलगे, त्या प्रत्येकाला दोन, असे चालत राहिले, तर दहाव्या पिढीत १,०२४ पुरुष असतील. त्यांपैकी दोघांत विहिरीवरून तंटा झाला आणि त्यांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज आजोबाच असेल, तर भांडण दोघे विरुद्ध दोघे इतकेच राहते आणि बाकीचे मध्यस्थी करतात. सामाईक पूर्वज नऊ पिढ्या मागे असेल, तर २५६ जणांसमोर २५६ जण उभे राहतात. तंटा बाहेरच्याशी असेल, तर १,०२४ जण एक होतात. म्हणजे गट आधी ठरलेला नसतो; तो समोरचा माणूस वंशवृक्षावर किती दूर आहे यावरून ठरतो, आणि कालचा प्रतिस्पर्धी आज पाठीशी उभा राहू शकतो. आपसांत भांडताना ते शंभर आणि आम्ही पाच, परक्यासमोर मात्र आम्ही एकशे पाच, हे धर्मराजाचे तत्त्व येथे प्रत्येक फांदीवर लागू होते.

प्रत्यक्षातला वृक्ष अर्थातच इतका समतोल नसतो. संख्येने वाढलेल्या शाखा आपल्या वंशावळीत जास्त नावे जपतात, तर लहान राहिलेल्या शाखांची मधली नावे विसरली जातात. म्हणून एकाच मूळपुरुषापासून मोजले तरी एका शाखेत पिढ्या जास्त आणि दुसरीत कमी भरतात. सोमाली भाषेत यांना ‘लांब फांदी’ आणि ‘आखूड फांदी’ असेच म्हणतात. थोडक्यात, ही यादी काळापेक्षा शाखेची वाढ अधिक मोजते.

या वृक्षावर व्यवहारात सर्वांत महत्त्वाची असते ती रक्तदंड एकत्र भरणारी भावकी. तिच्यात काहीशे ते काही हजार पुरुष असतात. ‘हेर’ या परंपरागत कायद्यानुसार पुरुषाच्या हत्येचा दंड साधारणपणे १०० उंट, तर स्त्रीच्या हत्येचा ५० उंट. हा दंड मारेकऱ्याची सगळी भावकी वाटून भरते, आणि मृताची भावकी तो वाटून घेते. जेथे पोलीस नाहीत तेथे हाच माणसाचा विमा असतो, आणि खिशाला झळ सर्वांनाच बसणार असल्यामुळे आपल्यातील आततायी तरुणाला आवरणे हे सर्वांचेच काम होते.

आता रक्ताविषयी. अनेक सोमाली कुळे आपला मूळपुरुष अरबस्तानातून आल्याचे, क्वचित प्रेषितांच्या घराण्यातला असल्याचे सांगतात. मात्र बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तपासणी केली असता बहुसंख्य सोमाली पुरुषांची पितृशाखा पूर्व आफ्रिकेतीलच निघते. थोर पूर्वज नंतर जोडून घेण्याची हौस आपल्या कुलवृत्तांतांनाही अपरिचित नाही. दक्षिणेतील शेतकरी राहनवेन समाजात तर बाहेरचा माणूस रीतसर भावकीत सामील होऊ शकतो. वंशावळ हा माणसांनी केलेला करार आहे. निष्ठेचे जनुक कोणालाही सापडलेले नाही.

या रचनेत बाहेरची सत्ता शिरली की काय होते? उत्तरेकडचा प्रदेश १८९८ पर्यंत एडनमार्गे ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या कारभारात होता, दक्षिण इटलीकडे गेली, आणि १ जुलै १९६० रोजी दोन्ही भाग एक झाले. १९६९ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या सियाद बारे यांनी कुळाचा उल्लेख करण्यावरही बंदी घातली, पण स्वतःची सत्ता नात्यातील मोजक्या कुळांवरच टेकवली. १९७७ मध्ये त्यांनी इथिओपियाच्या ओगादेनवर चढाई केली तेव्हा समोर परका शत्रू होता आणि देश बऱ्याच अंशी एकवटला. तोवर सोमालियाच्या पाठीशी असलेल्या सोव्हिएत संघाने बाजू बदलली, क्यूबाचे सैन्य इथिओपियाच्या मदतीला आले आणि १९७८ च्या मार्चमध्ये पराभव झाला. लगेच एप्रिलमध्ये मजेरतेन कुळातील लष्करी अधिकाऱ्यांचे बंड झाले आणि १९८१ मध्ये इसाक कुळाची सशस्त्र चळवळ उभी राहिली. १९८८ मध्ये बारे यांनी आपल्याच देशातील हर्गेसा शहरावर विमानांतून बॉम्ब टाकले. जानेवारी १९९१ मध्ये ते राजधानी मोगादिशूतून पळाले.

डिसेंबर २००६ मध्ये इथिओपियाचे सैन्य मोगादिशूकडे सरकले, तेव्हा पुन्हा परका समोर आला, आणि कुळांच्या वर उठून बोलणाऱ्या अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेला त्याचाच लाभ झाला.

परक्यांच्या पैशाचा परिणाम याहून सूक्ष्म असतो. मदत थेट राजधानीतील खुर्चीपर्यंत पोहोचते, तेव्हा त्या खुर्चीसाठी शेजाऱ्याशी तडजोड करण्याची किंवा कर गोळा करण्याची गरज उरत नाही. २००० साली जिबूतीतील आर्ता शांतता परिषदेत सत्तावाटपाचे ‘साडेचार’चे सूत्र आले: चार महाकुळांना, म्हणजे अनेक कुळांच्या सर्वांत मोठ्या समूहांना, समान वाटा आणि उरलेल्या सर्वांना मिळून अर्धा. २०१६ च्या २७५ जागांच्या संसदेत चौघांना प्रत्येकी ६१ आणि इतरांना ३१ जागा मिळाल्या. या सूत्राने वृक्षाची एकच पातळी गोठवली. भांडण मात्र त्या ६१ जागांच्या आतल्या फांद्यांवर सरकले.

उत्तरेतील पूर्वीच्या ब्रिटिश भागाने १८ मे १९९१ रोजी सोमालीलँड या नावाने स्वातंत्र्य जाहीर केले, आणि १९९३ मध्ये बोरामा गावी सुमारे दीडशे ज्येष्ठ महिनोन्महिने बसून बोलत राहिले. खर्चाचा मोठा भार स्थानिक लोकांनीच उचलला, ज्येष्ठांच्या सभेला वरिष्ठ सभागृहाचे स्थान मिळाले, आणि पुढे बर्बेरा बंदरातील जकातीवर कारभार चालू लागला. तरीही पूर्वेकडील लास अनोद परिसरातील धुलबहांते कुळाने, जे दारोद महाकुळातले आहे, इसाकबहुल सोमालीलँडचा अंमल झुगारला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथून सोमालीलँडच्या फौजांना माघार घ्यावी लागली.