शिल्पनिदेशक

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) फिटर, टर्नर, वेल्डर यांसारखा व्यवसाय वर्कशॉपमध्ये प्रात्यक्षिकांसह शिकवणारा शिक्षक. अशा संस्थांमधले प्रशिक्षण 1950 मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालते.

या पदाला नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. अभियांत्रिकी व्यवसायांसाठी सर्वसाधारण नियम असा: पदवीधराला एक वर्षाचा, पदविकाधारकाला दोन वर्षांचा आणि आयटीआय उत्तीर्णाला तीन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव हवा. दोन निदेशक असतील तर एक पदवी किंवा पदविकाधारक आणि दुसरा आयटीआयमधून किंवा शिकाऊ उमेदवारीतून आलेला असावा, ही अट विशेष शहाणपणाची आहे. अध्यापनकौशल्यासाठी सीआयटीएस (क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम) हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो.

कारखान्यातला अनुभव लेथवर, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) फिरवत ठेवून कापणाऱ्या यंत्रावर, लगेच कळतो. जॉब घट्ट पकडणाऱ्या चकची चावी चकमध्येच राहिली आणि मशीन सुरू झाले, तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून मुरलेला निदेशक चावी चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात काढू देत नाही. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना चिप (कापून निघणारा धातूचा कीस) निळी पडू लागली, की वेग जास्त झाला किंवा टूलची धार गेली, हे तो लांबूनच ओळखतो. जॉब चकबाहेर फार लांब राहिला तर थरथरतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात; हा दोष त्याला आधी आवाजावरून कळतो. ड्रिल आरपार निघताना दाब कमी करायचा, नाहीतर ते अडकते आणि जॉब हिसका घेतो. कानसकाम तपासताना तो गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून जॉब उजेडाकडे धरायला लावतो, फटीतून प्रकाश कुठे येतो ते दाखवतो आणि पुन्हा घासायला सांगतो. यातले बरेचसे पुस्तकातही असते. मात्र चूक घडत असतानाच ती पकडून तिचे कारण सांगणे हे कारखान्यात जॉब रिजेक्ट झालेले पाहिलेल्या माणसालाच नीट जमते.

हा अनुभव शिळाही होतो. हातलेथवर तयार झालेल्या निदेशकाला सीएनसीवरचे (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावरचे) टूल ऑफसेट म्हणजे टूलच्या मापांच्या नोंदी, प्रोग्राम आणि कार्बाइड टिपा (टूलची बदलता येणारी कठीण टोके) नव्याने शिकाव्या लागतात. 2016 पासूनच्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीत प्रशिक्षणार्थी काही काळ कारखान्यात शिकतात. निदेशकांनाही ठराविक वर्षांनी तसेच शॉपफ्लोअरवर पाठवायला हवे, आणि तेही भेटीसाठी नव्हे, प्रत्यक्ष पाळीत काम करण्यासाठी.