दोन ‘४००’ आणि एक गोंधळ: स्मॉल-ब्लॉक म्हणजे नेमकं काय, बिग-ब्लॉक म्हणजे काय?

१९७० ची शेव्हर्ले मॉन्टे कार्लो कूपे घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या गिऱ्हाइकापुढे ‘४००’ आकड्याची (म्हणजे सगळ्या सिलिंडरांचं मिळून ४०० घनइंच घनफळ) दोन वेगवेगळी इंजिनं असत. एक टर्बो-फायर ४००, दुसरं टर्बो-जेट ४००. (टर्बोचार्जर दोन्हींत नव्हता, जाहिरात खात्याची हौस, दुसरं काय.) पहिल्याची ताकद २६५ हॉर्सपॉवर, दुसऱ्याची ३३०. गाडी तीच, साल तेच, घनइंचांचा आकडाही तोच, आणि तरी ६५ हॉर्सपॉवरचा फरक.

पहिलं इंजिन स्मॉल-ब्लॉक, दुसरं बिग-ब्लॉक. अमेरिकन व्ही-८ च्या, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन तिरक्या रांगा असलेल्या इंजिनांच्या, गप्पा सुरू झाल्या की हे दोन शब्द आल्याशिवाय राहत नाहीत, आणि ऐकणारा सहज धरून चालतो की स्मॉल म्हणजे कमी सीसीचं, बिग म्हणजे जास्त सीसीचं. तसं नाही. शेव्हर्लेचंच ३९६ घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.५ लिटरचं इंजिन बिग-ब्लॉक आहे आणि ४०० घनइंचांचं, साधारण ६.६ लिटरचं इंजिन स्मॉल-ब्लॉक. सीसीवरून ठरवायला गेलात तर इथेच फसाल.

सिलिंडर ज्यात कोरलेले असतात तो बिडाचा ओतीव ठोकळा म्हणजे ब्लॉक. लहान-मोठा असतो तो हा ठोकळा. शेव्हर्लेच्या बाबतीत त्याचं खरं माप एकच: शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. एड कोल मुख्य अभियंता असताना १९५५ च्या मॉडेलसाठी जे २६५ घनइंचांचं व्ही-८ निघालं, त्यात हे अंतर ४.४० इंच होतं. पुढे २८३, ३२७, ३०२, ३५० आणि शेवटी ४०० अशी इंजिनं निघत गेली, पण हे ४.४० कुणी बदललं नाही. १९६५ मध्ये ३९६ घनइंचांचं नवं व्ही-८ आलं, ते ४.८४ इंचांवर बेतलेलं. त्याचीच भावंडं ४२७ आणि ४५४. (शिवडीच्या कारखान्यात १९२८ पासून ज्या शेव्हर्ले गाड्या जोडल्या जायच्या त्यांचा या कुळाशी संबंध नाही. मुंबईत पळणाऱ्या त्या जुन्या शेव्हर्ले बहुतांशी सहा सिलिंडरच्या.)

आता त्या दोन ४०० ची मापं शेजारी ठेवा. स्मॉल-ब्लॉकचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.१२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३.७५ इंच. बिग-ब्लॉकचा बोअर ४.१२६ इंच, स्ट्रोक ३.७६ इंच. फरक आहे तो बोअरमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाचा आणि स्ट्रोकमध्ये शंभराव्या भागाचा. गुणाकार केला तर एक ४०१ च्या आतबाहेर येतं, दुसरं ४०२. पिस्टन जवळजवळ तेवढाच, त्याची वर-खाली धावही जवळजवळ तेवढीच. ब्लॉकमुळे काय बदलतं हे बघायला यापेक्षा चांगली जोडी सापडणार नाही.

स्मॉल-ब्लॉकमध्ये ४.४० मधून ४.१२५ वजा करा: दोन बोअरच्या मध्ये उरतो ०.२७५ इंच, म्हणजे जेमतेम ७ मिलिमीटर. एवढ्या जागेत दोन भिंती आणि त्यांच्यामधून खेळणारं पाणी बसत नाही. म्हणून ४०० मध्ये शेजारचे सिलिंडर एकमेकांना चिकटवले. चाळीतल्या दोन खोल्यांना एकच सामाईक भिंत असावी तसे. मूळ २६५ चा बोअर ३.७५ इंच होता, ३५० चा ४.०० इंच, तिथवर मध्ये पाणी फिरत होतं. ४०० मध्ये ठोकळा होता तेवढाच ठेवून बोअर आणखी ताणला, आणि किंमत म्हणून ही पाण्याची वाट बुजवली. बिग-ब्लॉकमध्ये तीच वजाबाकी केली तर १८ मिलिमीटर उरतात. तिथे पाणी आरामात फिरतं.

चिकटलेल्या सिलिंडरांच्या वरच्या टोकाला वाफ अडकते. तिला निसटता यावं म्हणून ४०० च्या ब्लॉकला, हेडला (सिलिंडरांवर बसणारं, व्हॉल्व असलेलं झाकण) आणि दोन्हींमधल्या गॅस्केटला छोटी जादा भोकं असतात. पुढे लोकांनी जुनी ३५० ची हेडं काढून सरळ ४०० वर बसवली, भोकं पाडलीच नाहीत, इंजिन तापलं, आणि ‘४०० गरमच होतं’ अशी त्याची बदनामी झाली. माझ्या मते या इंजिनावर तो अन्याय आहे.

ताकदीचा हिशेब मात्र ब्लॉकपेक्षा हेडमध्ये जास्त उघड होतो. स्मॉल-ब्लॉकच्या हेडमध्ये सगळे व्हॉल्व एका रांगेत उभे. ४०० चा इनटेक व्हॉल्व (हवा आत घेणारी झडप) १.९४ इंचांचा. बिग-ब्लॉकमध्ये जागा ऐसपैस, शिवाय इनटेक एकीकडे आणि एक्झॉस्ट दुसरीकडे असे व्हॉल्व तिरके बसवलेले. टॅपेट कव्हर काढलं की रॉकरचे स्टड वाटेल त्या दिशेला डोकावताना दिसतात, म्हणून या हेडला अमेरिकेत पॉर्क्युपाइन हेड, म्हणजे साळिंदर, असं नाव पडलं. टर्बो-जेट ४०० चा इनटेक व्हॉल्व २.०६ इंचांचा, आणि तिरका असल्यामुळे सिलिंडरच्या भिंतीपासून दूर उघडणारा. हवा आत घ्यायला मोकळीक जास्त.

याचा परिणाम कंपनीच्याच आकड्यांत दिसतो. स्मॉल-ब्लॉक ४०० चा सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४०० पाउंड-फूट, २४०० आरपीएमला. बिग-ब्लॉकचा ४१०, ३२०० आरपीएमला. टॉर्कमध्ये दोघं बरोबरीत, किंबहुना स्मॉल-ब्लॉकचा टॉर्क आधीच हाताशी येतो. सिग्नल सुटल्यावर पिकअप कुणाचा कमी वाटेल असं नाही. पण हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२. उलटा हिशेब मांडा: २६५ हॉर्सपॉवर ४४०० आरपीएमला, म्हणजे तिथे टॉर्क उरला सुमारे ३१६. बिग-ब्लॉकचे ३३० हॉर्सपॉवर ४८०० ला, तिथे टॉर्क सुमारे ३६१. वरच्या आरपीएमला एकाला धाप लागते, दुसरं अजून पळत असतं. ते ६५ हॉर्सपॉवर इथे पडतात.

अर्थात सगळं श्रेय ब्लॉकला देणं लबाडी होईल. टर्बो-फायरवर टू-बॅरल (हवेच्या दोन वाटांचा) कार्ब्युरेटर होता आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, ९.० ला १. टर्बो-जेटवर फोर-बॅरल आणि १०.२५ ला १. कंपनीने मुद्दाम तसं केलं होतं. पहिलं इंजिन साध्या पेट्रोलवर चालणारं, इम्पालासारख्या लांबरुंद सेडानला गुपचूप ओढणारं. चार दारांच्या इम्पालात बायकामुलांना घेऊन हायवेने जायचं असतं तर मीही तेच घेतलं असतं. ५००० आरपीएमला कोण जाणार होतं?

दुसरा फरक वजनाचा. बिडाचं स्मॉल-ब्लॉक साधारण २६० किलो, बिग-ब्लॉक ३१० च्या आसपास. हे ५० किलो नेमके पुढच्या चाकांवर येतात. शेव्हर्लेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट, तिच्या १९७० च्या मॉडेलमध्ये हे दोन स्वभाव समोरासमोर होते. एलटी-१ (हे कंपनीचे इंजिनांचे कोड) हे ३५० घनइंचांचं स्मॉल-ब्लॉक: ३७० हॉर्सपॉवर, ६००० आरपीएमला, टॉर्क ३८०. एलएस-५ हे ४५४ घनइंचांचं बिग-ब्लॉक: ३९० हॉर्सपॉवर, ४८०० ला, टॉर्क ५००. शंभर घनइंच जास्त, आणि हॉर्सपॉवर फक्त २० ने जास्त. सरळ रस्त्यावर ४५४ ला गिअर बदलायचीही घाई नसते. वळणं आली की एलटी-१ ची गाडी नाक पटकन वळवते. नुसते हॉर्सपॉवरचे आकडे बघून यातलं काही कळत नाही.

हे सगळे आकडे ‘ग्रॉस’ आहेत: इंजिन स्टँडवर, सायलेन्सर आणि एअर फिल्टर काढून मोजलेले. १९७२ पासून ‘नेट’ मोजणी छापली जाऊ लागली. त्यामुळे कॉर्व्हेटचा एलटी-१ १९७१ मध्ये ३३० आणि १९७२ मध्ये २५५ दिसतो. तो फरक बहुतांशी मोजपट्टीचा. १९७० चे ३७० ते १९७१ चे ३३० ही घसरण मात्र खरी, कारण तेव्हा कॉम्प्रेशन उतरवलं होतं.

मग बिग-ब्लॉक ४०२ चं असताना ४०० म्हणून का विकलं? जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता: मधल्या आकाराच्या गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको. म्हणूनच शेव्हर्लेची शेव्हेल ३९६ वर थांबलेली, पॉन्टिअॅक जीटीओ ४०० वर. १९७० मध्ये नियम उठला. त्याच सुमारास ३९६ चा बोअर किंचित वाढून ते ४०२ झालं. पण ‘एसएस ३९६’ या नावाचा एवढा दबदबा झाला होता की शेव्हेलवर बिल्ला ३९६ चाच राहिला, आणि मॉन्टे कार्लोत तेच इंजिन ४०० झालं. एकाच इंजिनाला दोन आकडे, आणि एकाच आकड्याची दोन इंजिनं! सुटे भाग मागवणाऱ्यांचे हाल आजही संपलेले नाहीत.

डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना हे प्रत्यक्ष बघायची सोय आहे. ऑगस्टात वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून गाड्या उभ्या असतात. रंगावरून ओळखायला जाऊ नका, त्या काळात दोन्ही इंजिनं नारिंगीच रंगवत. टॅपेट कव्हर बघा. अरुंद, कडा सरळ आणि चार बोल्ट असतील तर स्मॉल-ब्लॉक. रुंद आणि सात बोल्टांचं असेल तर बिग-ब्लॉक. कव्हर झाकलेलं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे वाका: स्मॉल-ब्लॉकमध्ये मधली दोन तोंडं एकमेकांना चिकटून असतात, बिग-ब्लॉकमध्ये चारही सारख्या अंतरावर. मालकाने ‘माऊस’ म्हटलं तर स्मॉल-ब्लॉक, ‘रॅट’ म्हटलं तर बिग-ब्लॉक.

हे झालं शेव्हर्लेचं. बाकीच्या कंपन्यांना हीच फूटपट्टी लावता येत नाही. पॉन्टिअॅकचं ३२६ आणि ४५५ एकाच घराण्यातली, बाहेरून जवळपास सारखीच. तरी लोक ४५५ ला सर्रास बिग-ब्लॉक म्हणतात. तिथे हा भेद मुळात नाहीच. ओल्ड्समोबिलमध्ये सिलिंडरांतलं अंतर दोन्हींत सारखं आणि फरक ब्लॉकच्या उंचीचा. ३८३ हा आकडा तर खास फसवा: क्रायस्लरचं ३८३ हे कारखान्यातून निघालेलं बिग-ब्लॉक, आणि शेव्हर्लेवाल्यांचं ३८३ म्हणजे ३५० चा ब्लॉक थोडा बोअर करून त्यात ४०० चा क्रँक बसवलेलं गॅरेजमधलं स्मॉल-ब्लॉक. त्यासाठी क्रँकचे मेन जर्नल (ब्लॉकमध्ये टेकून फिरणारे भाग) घासून बारीक करावे लागतात, कारण ४०० चे जाड असतात.

शेव्हर्लेच्या प्रवासी गाड्यांतून बिग-ब्लॉक १९७६ नंतर गेलं. ट्रकांत ते २००९ पर्यंत टिकलं. ४.४० इंच मात्र अजून चालू आहेत. २००६ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मधलं एलएस-७ हे ७ लिटरचं, ४२७ घनइंचांचं, म्हणजे साठच्या दशकातल्या नावाजलेल्या बिग-ब्लॉकएवढं, आणि तरीही स्मॉल-ब्लॉक. ताकद ५०५ हॉर्सपॉवर, तीही नेट. बोअर किती? ४.१२५ इंच, त्या टर्बो-फायर ४०० एवढाच. फक्त ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि त्यात दाबून बसवलेले लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या). कोड वाचताना तेवढं साल तपासा: १९७० चं एलएस-६ हे ४५० ग्रॉस हॉर्सपॉवरचं ४५४ बिग-ब्लॉक होतं आणि २००१ चं एलएस-६ हे ५.७ लिटरचं स्मॉल-ब्लॉक. एलएस-३ चंही तेच: आज त्या नावाने ६.२ लिटरचं स्मॉल-ब्लॉक मिळतं, आणि १९७० मध्ये एलएस-३ हा मॉन्टे कार्लोतल्या टर्बो-जेट ४०० चाच कोड होता.