सव्वापाच इंची फ्लॉपी: माप एक, लिपी अनेक

१९८०च्या दशकात एका घरगुती कॉम्प्युटरची फ्लॉपी दुसऱ्यात घातली, तर ती नीट बसायची, फिरायचीही. वाचता मात्र काहीच यायचं नाही. चकती बहुतेक ठिकाणी सारखीच होती. शुगार्ट कंपनीने १९७६ मध्ये आणलेला एसए-४०० हा या ड्राइव्हांचा मूळपुरुष: ३५ ट्रॅक (डेटा लिहिण्याची वर्तुळं), मिनिटाला ३०० फेरे. वेगळं होतं ते त्यावरचं लिखाण.

अ‍ॅपलची डिस्क टू (१९७८) बनवताना स्टीव्ह वॉझ्नियाकने तयार कंट्रोलर चिप (ड्राइव्हचं वाचन-लेखन सांभाळणारी) घेतलीच नाही. मोजक्या साध्या चिप वापरून उरलेलं काम त्याने सॉफ्टवेअरवर टाकलं आणि बिट जीसीआर पद्धतीने, म्हणजे गटागटाने ठरावीक संकेतांत बदलून, लिहिले. फार सुंदर काम, पण इतरांशी जुळणं तिथेच संपलं. सुरुवातीला ट्रॅकला १३ सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) होते. १९८० मध्ये डॉस ३.३ या अ‍ॅपलच्या डिस्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने ते १६ केले, म्हणजे ३५ × १६ × २५६ बाइट, एकूण १४० केबी. ड्राइव्हच्या कार्डावरचे दोन प्रॉम (कायमचा प्रोग्राम असलेल्या चिप) बदलावे लागले, आणि जुन्या फाइली ‘मफिन’ या प्रोग्रामने नव्या डिस्कवर उतरवाव्या लागल्या.

कमोडोर कंपनीच्या १५४१ या ड्राइव्हची (१९८२) पद्धतसुद्धा जीसीआरच, पण संकेत निराळे. बाहेरच्या ट्रॅकवर २१ सेक्टर, आतल्यावर १७. फिरण्याचा वेग तोच, बिट लिहिण्याचा वेग बदलता.

आयबीएम पीसीने (१९८१) बिट लिहिण्याची एमएफएम ही वेगळीच पद्धत घेतली. तिच्या कंट्रोलरला जीसीआर कळतच नाही आणि तो कच्ची स्पंदनं पुढे पाठवत नाही, त्यामुळे कितीही हुशार सॉफ्टवेअर लिहिलं तरी उपयोग शून्य. सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्या केप्रो कॉम्प्युटरचं तसं नाही: तीही एमएफएम, ट्रॅकला ५१२ बाइटचे १० सेक्टर. एवढी मांडणी सांगितली की पीसी ती डिस्क वाचते.

उलटून वापरलेल्या फ्लॉपीची अडचण आणखी वेगळी. अ‍ॅपल आणि कमोडोर इंडेक्सचं (फेऱ्याची सुरुवात दाखवणारं) छिद्र पाहत नाहीत, म्हणून लोक कव्हरला दुसरी खाच पाडून मागची बाजूही वापरत. पीसीच्या ड्राइव्हमध्ये तीच फ्लॉपी उलटी घातली, की कव्हरचं छिद्र सेन्सरसमोर येत नाही आणि कंट्रोलर इंडेक्सची वाट पाहत राहतो.

डेटा अडकला तो आयबीएमच्या स्वतःच्याच दोन ड्राइव्हांमध्येही. १९८४च्या एटी या नव्या पीसीमधल्या १.२ एमबी ड्राइव्हला ८० ट्रॅक, म्हणून त्याचं हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) अरुंद. पीसीच्या जुन्या ३६० केबी ड्राइव्हमध्ये लिहिलेल्या फ्लॉपीवर त्याने पुन्हा लिहिलं, की नवी रेघ रुंद जुन्या ट्रॅकच्या मधोमध पडते आणि कडेला जुना मजकूर उरतो. एटीवर ती छान वाचली जाते. जुन्या ड्राइव्हचं रुंद हेड मात्र दोन्ही एकदम उचलतं आणि एरर देतं. उपाय असा: कोरी किंवा चुंबकाने पूर्ण पुसलेली फ्लॉपी घ्या, एटीवरच ‘फॉरमॅट ए: /४’ने तयार करा, आणि ३६० केबी ड्राइव्हमध्ये ती फक्त वाचा. तिथे एकदा जरी लिहिलं, तरी पुन्हा पुसण्यापासून सुरुवात.