स्थैर्यसाहाय्य (रेडिओ-नियंत्रित विमाने)

रेडिओ-नियंत्रित विमान उडवायला शिकणाऱ्याच्या चुका सावरून घेणाऱ्या रचना व उपकरणे म्हणजे स्थैर्यसाहाय्य. नवशिक्याचे विमान बहुधा दोन कारणांनी पडते. एक, स्टिक (रिमोटवरची नियंत्रणाची दांडी) गरजेपेक्षा जास्त ढकलली जाते; दुसरे, विमान समोरून आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटते आणि हात चुकतो.

सर्वांत जुन्या साहाय्याला वीज लागत नाही. शिकाऊ विमानाचा पंख धडाच्या वर बसवतात व त्याची टोके किंचित उंच ठेवतात. या कोनाला डायहेड्रल म्हणतात. विमान कलून घसरू लागले की खालच्या बाजूच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते आपसूक सरळ होते. दोन रिमोट जोडून गुरूच्या हाती ताबा ठेवणारी ‘बडी बॉक्स’ पद्धतही जुनीच.

पुढे ‘को-पायलट’ हे उपकरण आले. त्याचे अवरक्त संवेदक उबदार जमीन आणि थंड आकाश यांतील फरकावरून क्षितिज ओळखत. बर्फाळ भागात किंवा डोंगरांच्या कुशीत मात्र ते फसे.

आजची उपकरणे चिपवरच्या सूक्ष्म संवेदकांवर चालतात. त्यांचे दोन प्रकार आहेत, आणि विकत घेताना नेमका इथेच घोटाळा होतो. नुसता जायरो फक्त फिरण्याचा वेग मोजतो. वाऱ्याचा धक्का तो जिरवतो, पण कललेले विमान सरळ करत नाही. प्रवेगमापकाची जोड मिळाली की उपकरणाला ‘खाली’ कुठे ते कळते. मग स्टिक सोडताच पंख समतल होतात. हॉरायझन हॉबी या कंपनीचे ‘एएस३एक्स’ पहिल्या प्रकारचे, तर ‘सेफ’ दुसऱ्या. ‘सेफ’मध्ये कलण्याची मर्यादाही आखून देता येते.

दुसऱ्या प्रकाराने पहिली उड्डाणे वाचतात, पण एक सवय चुकीची लागते. त्यात वळणभर स्टिक दाबून धरावी लागते. साध्या विमानात विमान कलवायचे, स्टिक मध्यावर आणायची, थोडा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती पट्टी) द्यायचा आणि वळण संपताना उलट एलेरॉन (विमान कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) देऊन सरळ व्हायचे, असा क्रम असतो. म्हणून उंचीवर असताना थोडा थोडा वेळ हे साहाय्य बंद करून सराव करणे लवकर सुरू करावे.

वेग संपला तर कोणताही जायरो विमानाला स्टॉलपासून, म्हणजे पंखांची उचल एकाएकी तुटण्यापासून, वाचवत नाही. थ्रॉटल (मोटरची शक्ती) बंद असताना समतल धरलेले नाक उलट स्टॉलच ओढवून आणू शकते.

उड्डाणापूर्वीची तपासणी जमिनीवरच होते: उजवा पंख हाताने खाली झुकवला की उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, शेपूट उचलली की एलिव्हेटर वर. दिशा उलटी असेल तर उपकरण प्रत्येक झोल वाढवत नेते आणि विमान हातातून सुटताच कोसळते.