रिंग रोडमध्ये खरी परीक्षा इंटरचेंजची का असते?

रिंग रोडचा विषय निघाला की सगळे लांबी किती, लेन किती एवढंच विचारतात, पण हा रस्ता अडतो तो दुसरे रस्ते त्याला येऊन मिळतात तिथेच, म्हणजे इंटरचेंजवर, आणि हे नीट कळायला जगाला बराच वेळ लागला.

सुरुवात तटबंदीपासून झाली. युरोपातल्या जुन्या शहरांभोवती कोट असायचे, ते लढाईत कामाचे राहिले नाहीत तसा शहराभोवती एक मोकळा पट्टा आयता हाताशी आला. व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७ मध्ये कोट पाडायचा हुकूम काढला आणि १८६५ मध्ये रिंगस्ट्रास खुला झाला, अर्थात तो बायपास नव्हताच, दोन्ही बाजूंना ऑपेरा, संसद, म्युझियम असा दिमाखदार रस्ता होता. पॅरिसने बऱ्याच नंतर जुन्या तटबंदीच्या पट्ट्यातच मोटारींसाठी साधारण ३५ किलोमीटरचा पेरिफेरिक नावाचा रिंग रोड बांधला, १९५८ ला काम सुरू आणि १९७३ ला पूर्ण.

लंडनकडे असा पट्टा नव्हता. १९४० च्या दशकात नगररचनाकार ॲबरक्रॉम्बीच्या आराखड्यात एकात एक अशी रस्त्यांची बरीच वर्तुळं होती, साठच्या दशकात त्यातूनच रिंगवेजची योजना पुढे आली, पण आतली वर्तुळं काढायची तर हजारो घरं पाडावी लागणार होती, लोक भडकले, आणि १९७३ मध्ये योजना गुंडाळली. मग बाहेरच्या दोन वर्तुळांचे तुकडे एकमेकांना जोडून १९८६ मध्ये १८८ किलोमीटरचा एम २५ हा रिंग रोड पुरा झाला! वर्तुळ आधी कागदावर काढायचं आणि जागा नंतर शोधायची, याचा यापेक्षा ठळक नमुना मला तरी माहीत नाही.

आता इंटरचेंज. अमेरिकेत आर्थर हेल नावाच्या इंजिनिअरने १९१६ मध्ये क्लोव्हरलीफचं, म्हणजे चार पाकळ्यांसारखे चार लूप असलेल्या इंटरचेंजचं, पेटंट घेतलं आणि तिथला पहिला क्लोव्हरलीफ १९२९ मध्ये न्यू जर्सीत वुडब्रिजला उभा राहिला. कल्पना भारीच आहे, एकच पूल आणि सिग्नल एकही नाही. आपल्यासारखी डावीकडून चालणारी वाहतूक धरली तर उजवीकडे जायला आधी पूल ओलांडायचा, मग डावीकडे २७० अंशांचा लूप मारायचा की झालं. पण गोची अशी की एका लूपवरून आत येणारी गाडी आणि पुढच्या लूपवर बाहेर जाणारी गाडी पुलाजवळच्या त्याच छोट्याशा पट्ट्यात एकमेकींना कापतात, एक वेग वाढवत असते, दुसरी कमी करत असते, याला वीव्हिंग म्हणतात, गाड्या कमी असतात तोवर काही वाटत नाही पण गर्दी वाढली की तिथूनच मागे मेन लेनपर्यंत रांग जाते.

यावर उपाय म्हणजे लूप काढून टाकून रस्ते एकमेकांवर चढवायचे, लॉस एंजेलिसचा चार मजली इंटरचेंज १९५३ मध्ये पूर्ण सुरू झाला तो असाच. त्यात जागा कमी लागते पण पूल वाढतात आणि खर्चही वाढतो. म्हणून मला वाटतं रिंग रोडचा नकाशा करतानाच इंटरचेंजची जागा सढळ हाताने राखून ठेवायला हवी, कारण भोवती बिल्डिंगी उभ्या राहिल्या की नंतर एक रॅम्प वाढवायचा म्हटलं तरी भूसंपादनात वर्षं जातात. वुडब्रिजचा तो क्लोव्हरलीफही शेवटी काढून तिथे दुसऱ्या पद्धतीचा इंटरचेंज बांधावा लागला.