मुठीतल्या धान्यापासून सीएसआरपर्यंत: आपल्या संस्था तगल्या कशा

सध्या कुठल्याही छोट्या सामाजिक संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसा, विषय फिरून फिरून एकच, पैसे थांबलेत. प्रोजेक्ट मार्चमध्ये संपला, पुढच्या मंजुरीचं लेटर नाही, फिल्डवरच्या दोन ताई सोडून गेल्या. मी पण एका तालुक्याच्या संस्थेचे हिशेब काही वर्षं बघितलेत त्यामुळे हे रडगाणं पाठ आहे. पण ही वेळ काही पहिल्यांदा आलेली नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

१८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि वर्षाच्या आत शहरात प्लेग. आधीच विधवांचा आश्रम म्हणून लोक नाक मुरडायचे, त्यात गावात राहणं धोक्याचं, मग १९०० मध्ये मुली पुण्याबाहेर हिंगण्याला हलवल्या, तिथे काय होतं तर माळरान आणि एक झोपडी. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि मग चिखल तुडवत पायी हिंगण्याला जायचे. पैसे कसे उभे राहिले तर फिरून, मागून, थोडे थोडे. पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, इंग्रजी जेमतेम, त्या वर्गणीसाठी महाराष्ट्रभर हिंडल्या आणि पुढे थेट अमेरिकेला जाऊन आल्या! भाऊबीजेला लोकांनी आश्रमातल्या बहिणींसाठी ओवाळणी टाकायची ही भाऊबीज फंडाची आयडिया पण हिंगण्याचीच. मोठा दाता पण मिळाला, १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, तेच एसएनडीटी. (आजकाल दोन कपाटं दिली तरी बॅनर लागतो, त्यामानाने स्वस्तात पडलं म्हणायचं.)

रयत शिक्षण संस्थेची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात आले. बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एकत्र, आणि त्यांना रोज खायला घालायचं म्हणजे काय ते ज्याने मेस चालवलीय त्यालाच विचारा. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. बाकी मुष्टिफंड, म्हणजे घराघरातल्या बायकांनी रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि ती बोर्डिंगला जायची. पोरंही कामं करून शिकायची. मग १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर भाऊरावांनी भाषणात सरकारवर टीका केली आणि मुंबई सरकारने अनुदानच बंद केलं, शाळा एवढ्या वाढलेल्या असताना. ते पुन्हा सुरू झालं, पण मधल्या काळात संस्था मोडली नाही कारण मूठ देणारी गावं होतीच की! नुसत्या ग्रँटवर उभी असती तर तेव्हाच कुलूप लागलं असतं.

त्यानंतर कागद वाढत गेले. १९५० चा ट्रस्ट कायदा आला, धर्मादाय आयुक्त आले, विश्वस्त बदलले की कळवायचा चेंज रिपोर्ट आला, जागा विकायची तर त्यांची परवानगी. १९७२ च्या दुष्काळानंतर नव्या पिढीच्या संस्था आल्या, त्यात पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंख्यांची पाणी पंचायत, तिथे शेतकऱ्यांनी स्वतःचा हिस्सा घालायचाच असा नियम होता. पण बऱ्याच ठिकाणी परदेशी फंड यायला लागला आणि लोकवर्गणीची सवय सुटली. आणीबाणीत, १९७६ ला, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा आला, २०१० ला नवा कायदा झाला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन कोविडमध्ये, दुरुस्ती आली की परदेशी पैशातून प्रशासनाचा खर्च ५० टक्क्यांऐवजी २० टक्केच करायचा, आणि मोठ्या संस्थेने तो पैसा छोटीकडे वळवायचा नाही. खेड्यातल्या कितीतरी गटांना पैसे याच वाटेने यायचे, ती वाट रातोरात बंद झाली.

मधे २०१४ पासून सीएसआर आला, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यायचे. पैसा खरा आहे, पण तो वर्षाचा आणि प्रोजेक्टचा असतो, भाडं आणि अकाउंटंट कुणी मनापासून देत नाही. मार्च २०२० ला पीएम केअर्स या पंतप्रधानांच्या कोविड मदत निधीला दिलेले पैसेही सीएसआरमध्ये धरले गेले आणि आमच्याकडे एका कंपनीचं ठरलेलं लेटर आलंच नाही.

तेव्हा आमच्या वयस्कर खजिनदारांनी कपाटातून जुनी पावती पुस्तकं काढली. पन्नास, शंभर, कुणी पाचशे. फार नाही जमत, पण वीजबिल आणि एका ताईंचं मानधन त्यातून निघतं, जे कुठल्याच बजेटच्या हेडखाली बसत नव्हतं.