औषधाचा कोर्स संपतो, तरी अंगावरून जाणे का थांबत नाही?

अंगावरून पांढरे जाणे, माशासारखा उग्र वास, जळजळ अशा तक्रारींसाठी मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाचा सात दिवसांचा कोर्स पूर्ण केला, थोडे दिवस बरे वाटले आणि पुढच्या पाळीनंतर सारे पुन्हा सुरू झाले, असे सांगणाऱ्या स्त्रिया स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेहमीच येतात. अनेकजणी यासाठी स्वतःच्या स्वच्छतेला दोष देतात. खरे कारण बहुधा वेगळेच असते.

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस गटाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तेथील सामू (आम्लता दाखवणारा पीएच) साधारण ४.५ च्या खाली ठेवतात. हे जिवाणू कमी होऊन गार्डनरेला आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या इतर जिवाणूंची संख्या वाढली, की त्या स्थितीला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. गार्डनर आणि ड्यूक्स या अमेरिकी संशोधकांनी १९५५ साली या विकाराशी विशिष्ट जिवाणूचा संबंध जोडला, परंतु तो पुन्हा का उलटतो याचा महत्त्वाचा धागा २००५ मध्ये बर्लिनमधील संशोधकांच्या हाती लागला. हे जिवाणू योनीच्या अस्तरावर चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, तयार करून राहतात, असे त्यांना दिसले. प्रतिजैविकाने हा थर दबतो, पण पुष्कळदा पूर्णपणे जात नाही. शेतातली हरळी वरून कापली तरी मुळांतून फुटते, तसे हे घडते. शिवाय औषध नको असलेले जिवाणू मारते, हवे असलेले परत आणून देत नाही. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा त्रास पुन्हा होतो, असे ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत आढळले आहे.

मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातूनच एक मोलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १६४ जोडप्यांपैकी निम्म्या जोडप्यांत पुरुष जोडीदारालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिश्नाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचे मलम देण्यात आले. बारा आठवड्यांत आजार उलटण्याचे प्रमाण या गटात ३५ टक्के, तर केवळ स्त्रीवर उपचार झालेल्या गटात ६३ टक्के होते. वर्षानुवर्षे एकटीनेच गोळ्या घेत राहिलेल्या स्त्रियांसाठी हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे, आणि तो दवाखान्यांपर्यंत लवकर पोहोचायला हवा.

अर्थात प्रत्येक रेंगाळणारी तक्रार याच विकाराची नसते. प्रतिजैविकांनंतर कॅन्डिडा ही बुरशी वाढू शकते. तेव्हा दह्यासारखा घट्ट स्राव आणि तीव्र खाज ही लक्षणे दिसतात, आणि अशा वेळी तेच प्रतिजैविक पुन्हा घेतल्याने त्रास वाढण्याचीच शक्यता असते. वारंवार बुरशी होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधातून पसरणारा संसर्ग असेल तर जोडीदारावर उपचार झाल्याशिवाय तो पुन्हा होण्याचा धोका राहतो. रजोनिवृत्तीनंतरची जळजळ इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्यामुळे होत असेल, तर तिथे संसर्गच नसतो.

म्हणूनच दुसऱ्या कोर्सच्या आधी तपासणी हवी: सामू पाहणे, काचेवर घेतलेला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, गरज पडल्यास कल्चर, म्हणजे स्रावातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या, १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक विकार आढळले होते, मात्र त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. आजही लाजेपोटी किंवा वेळेअभावी दुकानातून जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणल्या जातात, याचे फार वाईट वाटते.

योनीच्या आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणे टाळावे, कारण त्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही कमी होऊ शकतात. ताप, ओटीपोटात दुखणे, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जाणे, अथवा गर्भारपण असल्यास वाट पाहू नये. डॉक्टरांकडे जाताना आधी घेतलेल्या औषधांची नावे आणि त्रास उलटल्याच्या तारखा लिहून न्याव्यात, आणि तपासणीच्या आधीचे एक-दोन दिवस योनीत कोणतेही मलम किंवा गोळी ठेवू नये.